बाथरूमची कडी

९ जानेवारी

भावजयीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो मी शेवटी लिहीन, तुझं उत्तर आल्यावर.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "हो आक्का, हो आक्का" करतेस आणि फोन धाकट्याच्या हातात देऊन मोकळी होतेस. तोही "सगळं ठीक" म्हणतो आणि ठेवून देतो. कागदावर "हो आक्का" चालत नाही. आणि हे पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठवलंय, तेही मुद्दाम. माझ्या भावाच्या हाती पडायला नको.

आता सरळ विचारते. मोठ्या मावशीची सून मुलीच्या कॉलेजसाठी तुमच्याकडे आली होती. तिने तुला बाजाराच्या मागच्या गल्लीत पाहिलं. तिथे एक पांढरी गाडी उभी होती म्हणे, आणि गाडीपुढे गर्दुल्ल्यांची रांग. त्या रांगेत तू! डोक्यावरून ओढणी घेतलेली. तू एक प्लास्टिकचा डबा आत दिलास आणि आतून इंजेक्शनच्या सुयांच्या पुड्या घेतल्यास. मूठभर. ती म्हणाली, "आक्का, मला वाटलं दुसरीच कुणी असेल, म्हणून मी पुढे होऊन नीट पाहिलं." ती नीट पाहणाऱ्यातलीच आहे, हे तुलाही माहीत आहे.

मी लाँड्री चालवते. लोकांचे कपडे धुण्याआधी खिसे उलटे करण्यात माझा जन्म गेला. माणूस काहीही सांगू दे, त्याचे कपडे वेगळंच सांगत असतात. धाकटा मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला तेव्हा अंगाची लाही होत असताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला होता. तो शर्ट मी धुवायला घेतला, तर बाहीच्या आत कोपराशी रक्ताचे बारीक ठिपके. म्हणाला, डास चावला. डास काय बाहीच्या आत शिरून चावतो? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. आता मावशीच्या सुनेमुळे त्याला पाय फुटले.

तू स्वतः घेतेस, की त्याला देतेस? दोन्हीतलं एक लिही. तिसरं काही असेल तर तेही चालेल, पण पटेल असं लिही.

आक्का


१६ जानेवारी

आक्का,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दुकानात मालकांच्या हातात पडलं. ते म्हणाले, सासरहून पत्र म्हणजे काहीतरी मोठं दिसतंय. मी म्हटलं, नणंदेचं आहे, म्हणजे मोठंच. ते हसले.

तुम्ही उगाच घाबरलात. मला साखर निघाली आहे. दिवाणखान्यात बसून सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणून कुणाला बोलले नाही. डॉक्टरांनी सुई लिहून दिली आहे. त्या गाडीत सुया फुकट मिळतात. रांगेत कोण उभं आहे हे मी बघायला जात नाही, मला तिथून लवकर निघायचं असतं.

हे बरे आहेत. टपरीवर काम बऱ्यापैकी आहे. हल्ली लोक चाव्या हरवतात फार, असं म्हणतात.

एक विचारू का? मावशींच्या सूनबाई कॉलेजच्या कामाला आल्या होत्या, तर बाजाराच्या मागच्या गल्लीत काय करत होत्या? कॉलेज तर पार दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही त्यांना माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं असेल तर तसं सांगा. मी रागावणार नाही.

तुमची भावजय


२४ जानेवारी

भावजयीस,

हो, मीच पाठवलं होतं. रागाव, खुशाल रागाव.

आणि तुझी साखर! अगं, माझ्या शेजारी निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांना पंधरा वर्षं साखर आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आक्का, आम्ही सुया औषधाच्या दुकानातून आणतो, गल्लीतल्या गाडीतून नाही." तरीही मी तुला एक संधी दिली. धाकट्याला सहज म्हणून फोन लावला आणि म्हटलं, "काय रे, हिची साखर कशी आहे?" तर म्हणतो, "संपलीय, आणायचीय."

कपाळ माझं! घरात नवऱ्याला पत्ता नाही आणि नणंदेला पत्रातून साखर.

तू माझ्याशी खोटं बोललीस, आणि तेही बिनतयारीचं. याचा अर्थ एकच होतो. तू त्याला सुया आणून देतेस. माझ्या सख्ख्या भावाला. कशासाठी, ते मला कळत नाही, आणि जे मनात येतं ते लिहायला हात धजत नाही. माणूस शुद्धीवर नसला की घरात कोणाचा शब्द चालतो, एवढंच विचारते.

आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता. त्याला मी वाढवलंय. लाँड्री इस्त्रीवालीवर सोपवून पुढच्या महिन्यात मी येतेय. त्याला घेऊन जाईन नाहीतर तुला घराबाहेर काढीन. त्याआधी खरं काय ते लिही.

आक्का


२ फेब्रुवारी

आक्का,

तुम्ही विचारलं होतंत, घेतेस की देतेस. देते.

गर्द देत नाही. सुई देते. या दोन्हींत फरक आहे हे मला कळायला वर्ष लागलं, तेव्हा तुम्हाला एका पत्रात कळेल अशी आशा नाही. पण लिहिते.

तीन वर्षं झाली. टपरीशेजारचा ग्रिलवाला आठवतो का, आमच्या लग्नात नाचला होता तो? त्याने ह्यांना पाठदुखीवर म्हणून दिलं. आधी धूर घ्यायचे, मग सुईवर आले. दोघं मिळून एकच सुई वापरायचे, पाण्यात खळबळून परत तीच. ग्रिलवाला मागच्या वर्षी गेला. तुम्हाला हृदयविकार म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. घाणेरड्या सुईतून जंतू रक्तात गेले आणि हृदयात घर करून बसले. त्याच महिन्यात ह्यांच्या दंडाला गळू झालं, हात कोपरापासून असा सुजला की शर्टाची बाही कापावी लागली. दवाखान्यात नेलं तर तिथल्या बाईंनी नाक मुरडलं आणि आम्हाला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. हे उठून निघून आले. पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणाले.

गळू कोणी बरं केलं, तर त्या पांढऱ्या गाडीतल्या सिस्टरने. रोज यायला सांगून, एक वाकडा शब्द न बोलता. तिनेच रक्त तपासून घेतलं. यकृताची कावीळ निघाली, सुईतून लागणारी. तिला औषध आहे, चालू आहे. एचआयव्ही नाही निघाला. तो कागद हातात घेऊन मी गाडीच्या पायरीवर बसून रडले, तेव्हा सिस्टर म्हणाली, "हा कागद असाच राहायला हवा असेल तर ह्यांच्या हातात दर वेळी नवी सुई हवी. सुई, पाणी, कापूस, काहीही दुसऱ्याचं नको. ते सोडतील तेव्हा सोडतील. तोवर जिवंत तर राहू देत."

सोडवायचं मी बघितलं नाही असं वाटतं का तुम्हाला? शपथा घातल्या, जेवण सोडलं, पाया पडले. एकदा तर खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलं. चावीवाल्याला कुलूप लावून कोंडायला निघाले होते मी! दुकानातून आले तर कुलूप जागच्या जागी, आणि हे गायब. काढून, बाहेर पडून, परत लावून गेले होते. कुलपाला तेलही घातलं होतं. कुरकुरत होतं म्हणे.

त्यांना रांगेत उभं राहायची लाज वाटते, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. आणि लाज वाटली की ते दुसऱ्याची सुई उचलतात. म्हणून मी उभी राहते. तो डबा वापरलेल्या सुयांचा असतो. तो परत करायचा, म्हणजे कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसत नाहीत.

आणखी एक-दोन गोष्टी आहेत. त्या नणंदेला लिहिण्यासारख्या नाहीत.

तुम्ही या. ह्यांना न्यायचं असेल तर विचारा त्यांना. मला घराबाहेर काढायचं असेल तर मात्र माझ्याशीच बोला, त्यांना मध्ये घालू नका.

तुमची भावजय


११ मार्च

भावजयीस,

सुखरूप पोचले. गाडीत शेजारी एक बाई सारखी माझ्या पिशवीकडे बघत होती. का, ते पुढे सांगते.

आपण दोघी एका छपराखाली दोन आठवडे राहिलो आणि धड दोन वाक्यं बोललो नाही. तू सकाळी दुकानात, मी दिवसभर त्याच्यापाशी. संध्याकाळी तू आलीस की मी पोथी उघडायची, तू भांडी घासायला घ्यायचीस. तेव्हा जे तोंडावर बोलले नाही ते आता लिहिते.

मी होते तोवर त्याने सुईला हात लावला नाही. एकदाही नाही. सुरुवातीला ताप काय, नाक गळणं काय, रात्रंदिवस पाय झाडत होता. मी उशाशी बसून राहिले, वाफ दिली, कपाळ दाबलं. मग उठला. टपरीवर जायला लागला. दोन घास जास्त खायला लागला. तुला तीन वर्षांत जे जमलं नाही ते बहिणीने दोन आठवड्यांत केलं. गाडीबिडी, सिस्टरबिस्टर काही लागलं नाही. मग मला सांग, माझा संशय चुकीचा कसा? समोर सुई ठेवली नाही तर तो घेत नाही. ठेवली तर घेतो.

आणि ती बाथरूम! अगं, दाराला कडी नाही? फळीला नुसती जुन्या कडीची भोकं. पहिल्या दिवशी मी दाराला बादली लावून आंघोळ केली, ती बादली सरकत होती. या वयात माझी ही शोभा! आणि मग माझ्या लक्षात आलं, कडी गेली नाही, काढलीय. तू काढलीयस. नवऱ्याला बाथरूममध्येसुद्धा एकटं सोडत नाहीस. तुरुंगातसुद्धा माणसाला एवढं देतात. मी धाकट्याला म्हटलं, "चावीवाल्याच्या घरात कडी नाही, लोक काय म्हणतील?" तो उठून दारावरची ती भोकं चाचपून आला. मग पेटी घेऊन बसला. मोजून, घासून, कानस मारून अशी कडी बसवली की बोटाने ढकलली तरी सरकावी. त्याचे हात तसेच चालताना बघून माझे डोळे भरून आले. संध्याकाळी तू ती कडी पाहिलीस. तुझा चेहरा पडला. काही बोलली नाहीस. ज्याच्या मनात काही नाही तो बोलतो.

आता पिशवीचं. तुझ्या कपाटातल्या त्या सुयांच्या पुड्या मी निघताना उचलून आणल्या. चोरी म्हण हवं तर. पण इथे आल्यावर पंचाईत झाली. फेकणार कुठे? कचऱ्यात टाकाव्या तर तू लिहिलेलं ते कचरा वेचणाऱ्यांचं आठवलं. शेवटी नीळ ठेवायच्या डब्यात लपवल्या, आणि काल माझ्या इस्त्रीवालीने नीळ काढायला तोच डबा उघडला! तेव्हापासून ती माझ्या कोपरांकडे बघते. मी बाही वर करून हात खाजवला तरी ती इस्त्री थांबवते. तुझ्यामुळे माझ्याच दुकानात माझ्यावर संशय!

ते असो. कडी काढू नकोस. त्याला माणसासारखं राहू दे.

आक्का


१८ मार्च

आक्का,

घाबरू नका. आधी शेवट लिहिते म्हणजे मधलं नीट वाचाल. हे जिवंत आहेत, बोलतात, दवाखान्यात आहेत, परवा घरी सोडतील.

रविवारी दुपारी श्वास थांबला होता. ओठ निळे पडले होते. सिस्टरने नाकात मारायचा फवारा देऊन ठेवला होता, तो मारला, तोंडाने श्वास दिला. पहिल्या फवाऱ्याने काही झालं नाही. दुसऱ्याने छाती हलली. तोवर घरमालकांनी रुग्णवाहिका बोलावली होती.

दार उघडंच होतं, त्यामुळे मला लगेच कळलं.

धावत येऊ नका. दवाखान्यात एकालाच थांबू देतात. फोन केलात तर बोलेन.

तुमची भावजय


२२ मार्च

भावजयीस,

काल फोनवर तू रडलीस. मीही रडले. पण रडता रडता तू म्हणालीस, "दार उघडंच होतं आक्का." पत्रातही तेच वाक्य, तसंच्या तसं.

मी तुला दाराचं विचारलं नव्हतं. पत्रात नाही, फोनवर नाही. न विचारता माणूस जे दोनदा सांगतो ते मला कधी खरं निघालेलं माहीत नाही.

कुठे सापडला तो? खोलीत की बाथरूममध्ये? एवढं सगळं लिहिलंस, ओठांचा रंग लिहिलास, जागा लिहिली नाहीस.

काल रात्री मी तुझं फेब्रुवारीचं पत्र काढून वाचलं. "एक-दोन गोष्टी नणंदेला लिहिण्यासारख्या नाहीत." कडी तू पहाऱ्यासाठी काढली नव्हतीस. होय ना?

मला गोंजारू नकोस. माझ्यावर दया करून खोटं लिहिलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही. काय झालं ते लिही. माझ्या हातून काय झालं ते मला कळलं पाहिजे.

आक्का


२७ मार्च

आक्का,

हे घरी आले आहेत. आत झोपले आहेत. मी दुकानातल्या काउंटरवर नाही, आज घरीच बसून लिहितेय, कारण रजा घेतली आहे.

बाथरूममध्ये.

सिस्टरने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, एकट्याने घेऊ देऊ नका आणि बंद दारामागे तर मुळीच नाही. मेलेली बहुतेक माणसं कडी लावलेल्या दारामागे सापडतात. म्हणून कडी मी काढली. हे आत असायचे आणि मी बाहेर पाटावर बसून गप्पा मारत राहायचे. चष्म्याला कोण आलं, कोणाचा नंबर वाढला. ते आतून हुं हुं करायचे. हुं थांबलं की दार ढकलायचं. आता सांगा, हे तुम्हाला कसं लिहिणार होते? नवरा आत सुई घेतो आणि मी बाहेर बसून त्याला गिऱ्हाइकांचे किस्से सांगते!

कडी बसलेली दिसली तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तुम्ही पोथी उघडली होतीत. मला वाटलं, तुम्ही गेलात की काढून टाकू. तुम्ही गेलात, आणि हे म्हणाले, "राहू दे, आक्काने हौसेने लावून घेतलीय." मी "बरं" म्हटलं. माझ्या मनात पाल चुकचुकली होती तरी मी "बरं" म्हटलं.

आणखी एक तुम्हाला माहीत नव्हतं. दोन आठवडे न घेतल्याने शरीराची सवय मोडते. मग आधीचंच माप घेतलं तरी ते झेपत नाही. तुम्ही होतात तेव्हा ते तुमच्यासाठी दात आवळून राहिले, हे खरं आहे, आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. पण मला भीती त्यानंतरच्या दिवसांची होती. तुम्ही कपाटातून नेलेल्या सुयांच्या जागी मी दुसऱ्या दिवशी गाडीवरून नव्या आणल्या. रागवा.

रविवारी मी कपडे वाळत घालत होते. नळाचा आवाज येत होता. हाक मारली, हुं नाही. दार ढकललं, कडी लावलेली. मी खांद्याने ढकललं, लाथा मारल्या. तुमच्या भावाने बसवलेली कडी ती, हलेल कशाला! त्या वेळी तुमचं नाव घेऊन मी जे बोलले ते लिहिणार नाही. तुमचा मला इतका राग आला होता की तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं देव जाणे.

मग वाटलं, कडीचा एक स्क्रू तरी काढून बघू. दाराच्या बाहेरच्या अंगाला एकच मोठा स्क्रू दिसत होता. ह्यांच्या पेटीतला पेचकस आणला, खाचेत घातला आणि फिरवला. स्क्रू निघाला नाही. फिरला. आणि आतली कडी आपोआप सरकली.

आक्का, तो स्क्रू नव्हताच. ह्यांनी कडीला जोडलेला एक फिरता दांडा दाराच्या आरपार घेतला होता, आणि बाहेरच्या टोकाला खाच पाडली होती. आतून बंद होईल अशी, पण बाहेरूनही उघडेल अशी कडी त्यांनी बनवली होती. मला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही शेजारी बसून बघत होतात, डोळे भरून, आणि तुमच्या नाकासमोर त्यांनी हे केलं.

दवाखान्यात शुद्ध आल्यावर मी विचारलं. आधी घोटभर पाणी मागितलं. मग म्हणाले, "आक्काला कडी हवी होती, तुला नको होती. मी तरी काय करणार होतो?"

मग मला सांगितलं का नाही, विचारलं. म्हणाले, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे परत घेणार आहेस."

खरं आहे. म्हणाले असते.

मला तीन वर्षं वाटत होतं की ह्यांना जगायचं नाहीच, मीच एकटी ओढतेय. रोज रात्री वाटायचं. आता तसं वाटत नाही. पण विश्वास ठेवते असंही म्हणणार नाही. परवा ते स्वतः माझ्याबरोबर गाडीपाशी आले, तोंड न लपवता, आणि सिस्टरला जिभेखाली ठेवायच्या गोळीचं विचारलं. ती रोज घ्यायची असते, म्हणजे शरीर गर्द कमी मागतं. सोमवारपासून सुरू. सिस्टर म्हणाली, घसरतील, परत येतील, पुन्हा घसरतील, तुम्ही फवारा संपू देऊ नका. मी नवे दोन आणून ठेवलेत.

तुमच्या हातून काय झालं, विचारलंत. माझ्या हातून जेवढं झालं तेवढंच. दोघी एका घरात दोन आठवडे गप्प बसलो.

तुमची भावजय


५ एप्रिल

चि. धाकट्या,

हे पत्र तुझ्या टपरीवर, तुझ्या नावाने पाठवतेय. इतके दिवस आम्ही दोघी तुझ्या पाठीमागे तुझ्याबद्दल लिहीत होतो. ती पत्रं हवी तर बायकोकडून मागून घे. मी तिला काय काय लिहिलंय ते वाचून माझ्याशी भांडायला ये. मी वाट बघीन.

तुझी बायको लबाड आहे, मी कजाग आहे आणि तू पक्का खोटारडा आहेस. डास म्हणे! आता यापुढे आपल्यात काय लपवायचं?

मी इथे चौकशी केली. आमच्याकडेही त्या पांढऱ्या गाडीसारखं नव्या सुया देणारं केंद्र आहे, माझ्या लाँड्रीपासून दोन गल्ल्या सोडून. इतकी वर्षं मी त्या दारासमोरून नाक दाबून जात होते. काल आत गेले. तिथल्या पोराटोरांनी माझ्याकडे असं बघितलं की म्हातारी पोलिसांना घेऊन आली की काय! त्यांना मी त्या सुया दिल्या आणि म्हटलं, मला फवारा मारायला शिकवा. एका पोरीने शिकवला. बाहुलीवर मारून दाखवला, माझ्याकडून तीन वेळा करून घेतला. मान कशी मागे करायची, श्वास कसा द्यायचा, सगळं. घरी येऊन उशीवर पुन्हा केला. इस्त्रीवालीने तेही पाहिलं. तिला मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझा पुतण्या." एवढंच. आता मी तिला शिकवणार आहे.

पंधरा तारखेला येतेय. न्यायला नाही, राहायला. तुझ्या बायकोला दुकान असतं, दिवसभर तिला दाराशी बसता येत नाही. मी बसेन. मलाही गिऱ्हाइकांचे किस्से पुष्कळ आहेत, तुझ्या बायकोपेक्षा चटकदार.

गोळी घे. रोज घे. तू घेतोस की नाही यावर मी डोळा ठेवणार, मी बदलले असं समजू नकोस. तुझे खिसे बघणार, बाह्या बघणार, तू चिडलास तरी बघणार. तुझ्यावर माझा विश्वास नाही, आणि बसायला वेळ लागेल.

पण एक ऐक. तू चालायला शिकलास ते माझं बोट धरून, आणि त्या दोन आठवड्यांत तू माझ्यासमोर लाजून गप्प राहिलास, आणि मी गेल्यावर एकटा आत जाऊन मरायला निघालास. मला असली लाज नको. परत मन झालं, गोळीने भागलं नाही, राहवलं नाही, तर मला हाक मार. मी ओरडेन. रडेनही. ते ऐकून घे. आणि तरीही घ्यायचीच असेल, तर नवी सुई घे आणि माझ्यासमोर घे.

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोलाही दे, तिचे राहिलेत.

आक्का